पुण्याला मंदी लागत नाही म्हणे!

पेठेबाहेरचा:
मंदीचा विषय निघाला की आमच्या ऑफिसात कुणीतरी म्हणतंच, "पुण्याला काही होत नाही." मला हे बढाईचं वाटतं, पण चूक वाटत नाही. 2008 घ्या. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, नोव्हेंबरात टाटा मोटर्सने पिंपरीत ब्लॉक क्लोजर (ठरावीक दिवस काम बंद) घेतलं, कॅम्पसमधून निवडलेल्या पोरांची जॉइनिंगची तारीख पुढे पुढे जात होती. तरी शहराचं कंबरडं मोडलं नाही. एक तर इथे सरकारी पगार भरपूर: खडकी-देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, पाषाणच्या प्रयोगशाळा. नेमकं त्याच वर्षी केंद्राच्या नोकरदारांना सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा पहिला हप्ता मिळाला. दुसरं, 2008 च्या जानेवारीत 39 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर पुढच्या मार्चपर्यंत पन्नाशी ओलांडून गेला. डॉलरमध्ये बिलं लावणाऱ्या आयटी कंपन्यांना तेवढा टेकू मिळाला (डॉलरचा भाव आधीच बांधून घेतला, म्हणजे हेजिंग केलं, आणि त्यात हात पोळले त्या सोडून द्या). आणि त्याच मार्च 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. गाड्या, सॉफ्टवेअर, कॉलेजं, लष्कर. एक भाऊ आजारी पडला तरी बाकीचे घर चालवतात.

भोसरीचा लेथवाला:
घर चाललं हो, पण ताटं किती कमी झाली ते सांगा की.
चाकण-भोसरीत लाइनवरची बरीच पोरं ठेकेदाराची असतात. वर्षात 240 दिवस भरले की कायदा सलग नोकरी धरतो, म्हणून सात महिने झाले की ब्रेक. बरे दिवस असतील तर थोड्या दिवसांनी परत बोलावणं येतं. मंदीत फोनच येत नाही. मग काढलं कुणाला? कुणालाच नाही! नोटीस नाही, युनियन नाही, पेपरात बातमी नाही. पोरगं कॉट सोडतं, मेसचा हिशेब मिटवतं आणि लातूर-नांदेडची गाडी धरतं. पुण्याच्या बेकारांत तो धरलाच जात नाही, गावाकडचा रिकामटेकडा ठरतो. तुमचं शहर तगतं ते असं.

पेठेबाहेरचा:
पण परत येतो ना तो? डिसेंबर 2008 मध्ये सरकारने उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरवलं, 2009-10 मध्ये गाड्यांची विक्री पुन्हा उसळली आणि तीच पोरं पुन्हा चाकणला दिसू लागली. परत यावं असं काम जिथे वर्ष-दीड वर्षात उभं राहतं, ते शहर तगलं असंच मी म्हणेन.

भोसरीचा लेथवाला:
येतो, पण नवा म्हणून येतो. मधल्या काळात गावात काढलेलं कर्ज मात्र जुनंच असतं. आणि सगळे येतही नाहीत. 2019 बघा. तेव्हा जगात मंदी नव्हती. आदल्या वर्षी आयएलअँडएफएस ही बडी वित्तसंस्था बुडाल्यावर फायनान्स कंपन्यांचे हात आखडले, त्यात बीएस-सहा हे धुराचे नवे नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं. ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 30 टक्क्यांहून जास्त पडली. मोठ्या कंपनीने चार दिवस प्लांट बंद ठेवला की सुटे भाग पुरवणारा व्हेंडर आठवडाभर बंद, आणि आम्हा जॉबवर्कवाल्यांना पुढच्या महिन्याचं शेड्यूलच नाही. वर मागची बिलं अडकलेली. माझी दुसरी पाळी तेव्हा बंद झाली, ती करोनानंतरही सुरू झाली नाही.

बेंचवरची:
फक्त ठेकेदारीचंच असं नाही. 2009 मध्ये मी एका आयटी कंपनीत बेंचवर होते, म्हणजे पगार चालू पण हाताला प्रोजेक्ट नाही. (नाव लिहिणार नाही.) एचआरने खोलीत बोलावलं आणि म्हणाले, राजीनामा दे, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी दिले. कागदोपत्री आम्ही सगळे "स्वेच्छेने" गेलो.

आकुर्डी गावठाण:
तुम्ही सगळेच मंदीला धरून बसलात. बजाजने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं ते सप्टेंबर 2007 मध्ये, म्हणजे ऐन तेजीत. सुमारे 2,700 कामगार होते. काम चाकणला आणि करसवलतीच्या पंतनगरला (उत्तराखंड) गेलं. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना उघडला सप्टेंबर 2008 मध्ये, लेहमन बुडाली त्याच महिन्यात, आणि उत्पादन थांबलं डिसेंबर 2020 मध्ये. कारण? कंपनीने 2017 मध्येच भारतात गाड्या विकणं सोडलं होतं. मंदी येते-जाते, मालकाचा हिशेब बदलला की माणूस कायमचा जातो. पन्नाशीला व्हीआरएस घेतलेल्या फिटरला तुमच्या चार भावांपैकी कोण घेणार, हिंजवडीचं आयटी की विद्यापीठ?

पेठेबाहेरचा:
आकुर्डीकर, मुद्दा बरोबर, पण तो माझ्या विरोधात जात नाही. त्याच तळेगावच्या कारखान्यासाठी 2023 मध्ये ह्युंदाईने करार केला. जागा, रस्ते, व्हेंडर इथेच होते म्हणून.

आकुर्डी गावठाण:
कारखाना घेतला. जुने कामगार नाही. ते तेव्हा कोर्टाच्या पायऱ्या चढत होते.

बेंचवरची:
ईएसआयची (सरकारी कामगार विम्याची) बेकारी भत्त्याची योजना आहे ना, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना? 2018 पासून आहे, करोनात भत्ता पगाराच्या 25 वरून 50 टक्क्यांवर नेला, 90 दिवसांपर्यंत. आम्हाला उपयोग नाही, कारण ईएसआयची पगारमर्यादा महिना 21,000 आहे. पण लेथवाल्यांच्या पोरांना तर मिळायला हवा.

भोसरीचा लेथवाला:
त्याला आधीची दोन वर्षं विम्याखालची नोकरी लागते, ताई. ईएसआयचा नंबर माणसाचा एकच असायला पाहिजे, पण ठेकेदार बदलला की बरेचदा नवाच काढतात. दोन वर्षं कुठल्या नंबरावर दाखवायची?