प्रतिसाद: आमच्या शेतातलं 'ट्रॉम्बे'

'भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणजे बाँब आणि भट्ट्या, शेतकऱ्याला काय उपयोग?' असं वर विचारलंय, म्हणून लिहितो. उन्हाळी भुईमूग लावणाऱ्या कुणालाही टॅग-२४ हे वाण विचारा. त्यातला 'ट' ट्रॉम्बेचा, म्हणजे मुंबईत हे केंद्र जिथे आहे त्या जागेचा, आणि 'अ' अकोल्याचा. भाभा केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचं हे जोडकाम. उडदाचं टीएयू-१ त्याच घरातलं.

आम्ही टॅग-२४ कित्येक वर्षं लावलं. बुटकं, उपटं झाड. वेल पसरत नाही, आऱ्या (जमिनीत शिरून शेंगा धरणारे देठ) बुडाशीच. काढणीला ओल असली की बुडाला धरून ओढायचं, सगळा घोस हातात येतो.

आता अशा वाणांबद्दलची किरणोत्साराची भीती. ट्रॉम्बेला 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' या जुन्या वाणाच्या बियांवर क्ष-किरण सोडून वेगळी रोपं निवडली, मग पुढे त्यांचे संकर केले. टॅग-२४ हे असं संकरातूनच आलेलं. क्ष-किरण बियात साठून राहत नाहीत. छातीचा एक्स-रे काढल्यावर आपण तरी कुठे चमकतो? उरतो तो जनुकातला बदल. त्यातले बहुतेक बदल कुचकामी निघतात, म्हणून खरं काम पिढ्यान्‌पिढ्या निवडीचं.

माझी तक्रार दुसरीच आहे: खात्रीचं बियाणं ऐन पेरणीला मिळत नाही.