बेटावरच्या दोघांच्या घरात सहा माणसं, तीन आठवडे: पाणी पुरेल का?

पैलतीर यांचा प्रश्न

उष्ण कटिबंधातल्या एका लहान बेटावर निवृत्तीनंतर आम्ही दोघंच राहतो. पिण्यावापरण्याचं सगळं पाणी पावसाचं, छपरावरून टाकीत साठवलेलं. पुढच्या महिन्यात मुलगी, जावई आणि दोन नातवंडं (वय 5 आणि 9) तीन आठवड्यांसाठी येतायत, तेही ऐन कोरड्या दिवसांत. टाकी गोल, 10,000 लिटरची, व्यास 2.4 मीटर, सध्या भरलेली. छप्पर साधारण 80 चौरस मीटर. सेप्टिक टँक दोन कप्प्यांचा. पाहुण्यांची खोली आणि तिथलं बाथरूम बरेच महिने बंद आहे. पाणी पुरेल का, आणि माणसं यायच्या आधी काय काय उरकून ठेवावं? आकड्यांत सांगितलंत तर फार बरं होईल.

पागोळी

ताई, आहे तसं चाललं तर पुरणार नाही. टाकीच्या पाण्यावर मुरलेलं माणूस दिवसाला 90 लिटरमध्ये भागवतं. पाहुणा समुद्रातून आला की अंघोळ करतो, रात्री पुन्हा करतो, कपडे रोज धुवायला टाकतो. त्याचे 120 धरा. तुमचे दोघांचे 180 आणि त्यांचे 480, म्हणजे रोज 660 लिटर आणि 21 दिवसांचे जवळपास 14,000. टाकीतलं तळाचं 12 सेंटीमीटर पाणी गाळाचं, ते हिशोबात घ्यायचंच नाही. उरतात साडेनऊ हजारांच्या आत. पंधराव्या दिवशी पंप हवा ओढायला लागेल.

मधे एखादी सर येईल, यावर विसंबू नका. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. तुमच्या छपरावर 10 मिलिमीटरची चांगली सर पडली तरी 800 लिटर, आणि उडालेलं-सांडलेलं वजा जाता 640 हाती येतात. एका दिवसाचं पाणी झालं. शिवाय कोरड्या दिवसांत पहिली सर छपरावरची धूळ, मीठ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते. निदान पहिले 40 लिटर बाहेर सोडायची सोय पन्हाळीला हवीच.

लक्ष्य ठेवा रोज 430 लिटरचं, माणशी साधारण 72. अंघोळ बादलीने, 20 लिटर. फ्लशला 30, तेही अंघोळीचं पाणी वापरलं तर बरंच वाचतं. स्वयंपाक आणि भांडी 10, कपडे 8, पिण्याचं 4. शॉवर मिनिटाला 8-10 लिटर खातो, त्यामुळे पाहुण्यांच्या बाथरूममध्ये बादली आणि तांब्या आधीच ठेवा. समुद्राचं मीठ अंगावरून काढायला 4-5 लिटर पुरतात. त्यासाठी बाहेर वेगळी बादली ठेवा, म्हणजे वाळूही मोरीत जाणार नाही.

टाकीत स्वच्छ काठी उभी घालून ओली खूण मोजायची. तुमच्या व्यासाला दर सेंटीमीटरला 45 लिटर. रोज सकाळी एकाच वेळी मोजा. साडेनऊ सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरलं की त्याच दिवशी हात आखडायचा, आठवड्याने नाही. हे काम नऊ वर्षांच्या नातवंडाला द्या आणि आकडा भिंतीवर लिहायला सांगा. मोठ्यांच्या सांगण्यापेक्षा त्या आकड्याने पाणी जास्त वाचतं. झाकण मात्र मोठ्या माणसाने उघडायचं आणि त्यानेच कुलूप लावायचं.

माणसं यायच्या आधी गळती शोधा. रात्री 10 ला मोजा, पहाटे 5 ला मोजा, मधे एकही नळ उघडायचा नाही. अर्धा सेंटीमीटर फरक आला तरी वीसेक लिटर कुठेतरी गेले. बहुतेक वेळा दोषी फ्लशच्या टाकीतलं रबर असतं: टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका, रंग भांड्यात उतरला तर रबर बदला.

निर्जंतुकीकरण: 10,000 लिटरला 20 ग्रॅम क्लोरीन लागतं. 33 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर 60 ग्रॅम. दमट हवेत उघड्या राहिलेल्या पावडरीचा जोर उतरलेला असतो, म्हणून ताजीच घ्या. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं टाकीत घाला. अर्ध्या तासाने चाचणीपट्टीवर मुक्त क्लोरीन लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम दिसलं म्हणजे बरोबर. शून्य आलं तर तळाचा गाळ क्लोरीन खातोय. आधी गाळ काढा.

खारावारा

पाण्याचं पागोळी यांनी सांगितलंच. मी बंद खोलीबद्दल लिहितो, कारण ती आदल्या दिवशी उघडून भागत नाही. दहा दिवस तरी हातात ठेवा.

भिंती, कपाटं, खिडक्यांच्या चौकटी आधी गोड्या पाण्याने पिळलेल्या फडक्याने पुसा. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पृष्ठभागावर बसतं, आणि हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की ते मीठ पाणी ओढून स्वतःच विरघळतं. किती पुसलं तरी कपाट चिकट लागतं ते यामुळे. बुरशी टणक पृष्ठभागावर असेल तर साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण वाळवा. ब्लीच वापरलंच तर त्यात टॉयलेट साफ करायचं आम्ल किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. गादी आतपर्यंत कुबट झाली असेल तर उन्हाने वास जातो, बुरशी जात नाही, ती बदलाच. नवी गादी पट्ट्यांच्या पलंगावर, भिंतीपासून चार बोटं लांब.

एसीची चूक सगळ्यांत जास्त दिसते. पाहुणे दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतात आणि रात्री 18 वर लावून झोपतात. थंड पडलेल्या भिंतींवर सकाळच्या हवेतलं पाणी धरतं, आणि चार-सहा दिवसांत कपाटामागे काळे ठिपके दिसतात. 25-26 ठेवा, निजायच्या तासभर आधी खिडक्या लावून ड्राय मोडवर चालवा. बाहेरच्या युनिटच्या पात्यांवरचं मीठ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा (मेन स्विच बंद करून). कपाटात ओल शोषायला कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवाल तर खाली साचलेलं पाणी धातूवर सांडू देऊ नका, बिजागरी खातं ते. ईएलसीबीचं (शॉक लागू नये म्हणून वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण एकदा दाबून पाहा. ते पडलं नाही तर पाहुणे यायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

हिरवीकाठी

बंद बाथरूममध्ये डास असतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. फ्लशची टाकी, मोरीची जाळी, फ्रिजमागचा ट्रे, नारळाच्या करवंट्या, पन्हाळीतला पाला. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करायचं. नुसतं ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात, कडा घासाव्याच लागतात. हा डास दिवसा चावतो, तेव्हा मुलांच्या दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी. टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी आहे का तेही बघा.

त्याच बाथरूमचा शॉवर पहिल्यांदा वापरण्याआधी तोटी काढून घासा आणि पाणी काही मिनिटं बादलीत वाहू द्या. नळ्यांत महिनोन्‌महिने साचलेल्या कोमट पाण्यात न्यूमोनिया करणारे लीजनेला जंतू वाढू शकतात. ते पाणी फ्लशला वापरा.

पैलतीर

मनापासून आभार. रंग टाकून बघितला, एका फ्लशचं रबर खरोखरच गळतंय. दोन शंका: सेप्टिकवर तिप्पट भार पडेल त्याचं काय? आणि मुलांना समुद्रात कधी सोडावं?

पागोळी

सेप्टिक टँकमध्ये पाणी थांबतं म्हणून मळ खाली बसतो. एकदम भरपूर पाणी आलं की थांबायला वेळ मिळत नाही, मळ तसाच शोषखड्ड्यात जातो आणि तिथली माती बुजते. मग टँक उपसून उपयोग नसतो, खड्डाच नवा करावा लागतो. म्हणून पहिल्या कप्प्यातला गाळ आणि वरची साय मिळून खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आली असेल तर पाहुणे यायच्या आधी उपसून घ्या. कपडे एकाच दिवशी चार खेपा धुऊ नका, दिवसाला एक खेप. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी भांड्यात टाकायचे नाहीत. ब्लीच कमीत कमी. झाकण उघडल्यावर आत वाकू नका, तिथला वायू क्षणात शुद्ध हरपवतो. मोजमाप उपसणाऱ्याकडूनच करून घ्या. पाणी 430 वर आणलंत तर सेप्टिकचंही निम्मं काम होतं.

भरतीओहोटी

मुलांसाठी वेळ घड्याळावर ठरवू नका, भरतीच्या तक्त्यावर ठरवा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे सोमवारी सुरक्षित असलेली वेळ शनिवारी नसते. प्रवाळाच्या कडेच्या आत, पाणी संथ असताना, मूल हाताच्या अंतरावर. कडेला जिथे खिंड असते तिथून पाणी जोरात बाहेर ओढलं जातं. लाटा फुटत असताना मधलाच एक पट्टा गुळगुळीत आणि गडद दिसला तर तो ओढीचा समजा. पोहणाऱ्यांना तोच शांत वाटतो आणि नेमके तिथेच उतरतात. सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचं, दमलं तर तरंगायचं आणि हात वर करायचा. जावयांना पहिल्याच दिवशी तो पट्टा किनाऱ्यावरून बोटाने दाखवा.

ऊन 11 ते 3 टाळा, तुम्हा दोघांची विश्रांतीची वेळही तीच असते आणि पाहुण्यांसाठी ती मोडू नका. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात मुलांमागे धावून पाणी कमी पडण्याचा धोका तुम्हालाच जास्त. समुद्री साळूचा काटा पायात गेला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास ठेवा. पाण्याचा अंदाज मोठ्याने आपल्या हाताने घ्यावा. दुखणाऱ्या पायाला चटका कळत नाही.

मासेमारीची हौस असेल तर प्रवाळाजवळचा मोठा बॅराकुडा, मोठा ग्रूपर आणि मोरे ईल खाऊ नका. अशा माशांत साचणारं सिग्वाटेराचं विष शिजवून किंवा गोठवून जात नाही, आणि चवीला-वासाला कळतही नाही.

परतीचं विमान आणि बेटावरून सुटणारी बोट यांत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवायला सांगा. वारा वाढला की आधी लहान बोटी बंद होतात. रोजच्या गोळ्यासुद्धा सगळ्यांनी निदान एक आठवडा जास्तीच्या आणाव्यात.