दिलीप प्रभावळकर: तुमच्याकडची आठवण सांगा

काल आईसोबत घरी पुन्हा 'दशावतार' बघितला. शेवटी नावं वर सरकत होती तेव्हा आई म्हणाली, "अगं, ८१ वर्षांच्या माणसाचं काम हे?" आणि मला एकदम नाशिकचं कालिदास कलामंदिर आठवलं.

मी तिसरी-चौथीत. बाबा प्रेसमधून सुटून आले, हातपाय धुतले आणि आम्ही नाशिकरोडहून शालिमारची बस पकडली. 'हसवाफसवी'. एकच माणूस सहा कामं करणार आहे हे बाबांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. मला आवडले ते कृष्णराव हेरंबकर, संगीत नाटकातले थकलेले नट. आमच्या आजोबांसारखाच थरथरता आवाज. नाटक संपलं, सगळे नमस्काराला उभे राहिले, पण कृष्णराव त्यात नाहीत! मी बाबांना विचारलं, "आजोबा घरी गेले का?" बाबांनी मधल्या माणसाकडे बोट दाखवलं. मी मानायलाच तयार नाही. परतीच्या बसमध्ये रडले, बाबा रुमालाने माझं नाक पुसत होते आणि हसत होते.

बाबा आता नाहीत. रुमालाला तपकिरीचा वास यायचा, तो काल आला. तुम्हीही लिहा.
— गोदाकाठची

पंचवटीकर
डोळ्यात पाणी आणलंस ताई. आमच्याकडे शिर्डीहून पाहुणे आलेत, रात्री लिहितो.

मोगरा
चौकट राजा. १९९१. एवढंच पुरे.
माझा धाकटा भाऊ त्यातल्या नंदूसारखाच. वयाने मोठा, आतून सहा वर्षांचा. गल्लीतली पोरं त्याला काय काय नावं ठेवायची ते लिहीत नाही. टीव्हीवर लागला तेव्हा वाड्यातल्या सगळ्यांनी आमच्याच घरी बसून बघितला. भाऊ नंदूकडे बघत होता आणि मी भावाकडे. नंदू हसला की हा हसायचा. प्रभावळकरांनी ते बोट तोंडाशी नेणं, ती मान, कुठेच चेष्टा केली नाही हो. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू स्वतःहून भावाला गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) फिरायला घेऊन गेल्या. त्याआधी कधी नेलं नव्हतं.

गोदाकाठची
मोगरा, भाऊ कसा आहे आता?

मोगरा
मजेत. आत्ता शेजारी बसून शेंगा सोलतोय. अर्ध्या खातोय.

सातपूरकर
कंपनीच्या बसमधून टाइपतोय, चुका माफ. झपाटलेला मधला तात्या विंचू!!! बहिणीच्या बाहुलीला मी आणि दादाने पोत्यात बांधून माळ्यावर टाकली होती, वर पाटा ठेवला. ओम फट् स्वाहा म्हटलं की आजही पोटात गोळा येतो. पछाडलेला पण त्याच वर्षीचा ना?

नाट्यवेडा
नाही हो. झपाटलेला १९९३, पछाडलेला २००४. त्यात ते इनामदार भुसनळे. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज प्रभावळकरांचा. नंदू १९९१ चा आणि तात्या विंचू १९९३ चा, मध्ये फक्त दोन वर्षं. तोच गळा! मी कामगार कल्याणच्या स्पर्धेत वीस वर्षं काम केलंय. आम्हाला एक म्हातारा उभा करायचा तर कंबर वाकवायची आणि खोकायचं, झालं. यांचे म्हातारे बघा. कृष्णराव वेगळे, टिपऱ्यांचे आबा वेगळे, दशावतारातला बाबुली मेस्त्री तर अंगाने, चालीने कोकणातलाच. प्रत्येकाचा खोकलासुद्धा वेगळा आहे. पाय कसा टाकायचा इथपासून सुरुवात करावी लागते, आणि ते फार थोड्यांना जमतं. रंगभूषेला श्रेय देऊन लोक मोकळे होतात त्याचा मला राग येतो.

सातपूरकर
बरोबर बरोबर. बस आली गेटवर, पळतो.

सिडकोची सून
आबा टिपरे!! सासऱ्यांची आणि माझी बोलाचाली बंद होती तेव्हा, कारण राहू दे. पण श्रीयुत गंगाधर टिपरे आठवड्यातून एकदाच लागायचं आणि टीव्ही एकच. ते खुर्चीत, मी दारात भाजी निवडत. एकदा आबा काहीतरी बोलले आणि आम्ही दोघं एकदमच हसलो. मग सासरे, आमचे अण्णा, म्हणाले, "आत येऊन बस की." बास, तेवढंच. कुकर झाला, आले.

ओझरचा पक्षी
मामा दादरला राहायचा. सुट्टीत गेलो की टीव्हीवर प्रभावळकरांचे चिमणराव. सत्तरच्या दशकाचा शेवट, अख्खी चाळ मामाच्या खोलीत. बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्या दिवशी मामाला फोन केला, दोघंही काही बोललो नाही फारसं.

गोदाकाठची
ओझर म्हणजे एचएएल कॉलनी का? माझी मावशी होती तिथे.

ओझरचा पक्षी
हो! कुठला सेक्टर?

गोदाकाठची
आईला विचारून सांगते.

बाईंची शाळा
मी शिक्षिका. लगे रहो मुन्नाभाई आला २००६ ला, त्यात प्रभावळकर गांधीजी. त्या वर्षी दोन ऑक्टोबरला भाषणाला उभा राहिलेला एक मुलगा म्हणाला, "बाई, खरे गांधीजी हळू बोलायचे ना?" पुस्तकातल्या चित्रापलीकडे गांधीजींना आवाज असतो हे त्याला तिथे कळलं. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, शेवरी चित्रपटासाठीही त्याच वेळी. आमच्या वाचनपेटीतला बोक्या सातबंडे त्यांनीच लिहिलाय हे सांगितलं तर वर्ग ऐकेचना. "ते तर नट आहेत!" पेटीतली प्रत शिवून शिवून वापरतोय.

पंचवटीकर
पाहुणे गेले. लिहायचं होतं बरंच, पण मोगराताईंचं वाचून थांबलो. भावाला घेऊन या कधी रामकुंडावर, आमचं घर मागेच आहे. चिवडा आणून ठेवतो.

मोगरा
त्याला वाचून दाखवलं. तिखट नको म्हणतोय.

गोदाकाठची
ओझरचा पक्षी, आईला सेक्टर आठवत नाही, पण दारात बदामाचं झाड होतं म्हणते.

ओझरचा पक्षी
अहो, बदाम तर आमच्याही दारात होता! मावशींचं आडनाव व्यक्तिगत निरोपात कळवा.