‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी असलेल्या लॉनला मे महिन्यात पाणी कशाला?

काळीमाती:
आमच्याकडे मराठवाड्यात नळाला पाच-सहा दिवसांआड पाणी येतं. त्याच शहरातल्या उद्यानात भर उन्हात कार्पेट लॉनवर पाइप सोडलेला असतो आणि कडेला पाटी, ‘हिरवळीवर चालू नये’. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. उन्हाळ्यात रोजचे ५ मिलिमीटर धरले तर एकरी २० हजार लिटर होतात. माणशी १३५ लिटरच्या निकषाने जवळपास दीडशे माणसांचं दिवसाचं पाणी! २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. दुष्काळात मैदानांना पाणी कशाला, असं विचारत त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला लावले. मैदानांना जो प्रश्न विचारला, तो बागांनाही विचारा. नाजूक लॉन काढून साधी हरळी लावा. कमी पाण्यात तगते, तुडवली तरी पुन्हा उठते.

संध्याकाळची_फेरी:
अजिबात पटलं नाही. दोन खोल्यांच्या घरातल्या पोरांना लोळायला दुसरी हिरवळ आहे कुठे? पाणीकपात आली की आधी सार्वजनिक बागेवर बोट. हायवेला लागून लग्नाची ‘लॉन्स’ आहेत, तिथल्या गवताचा हिशेब कोण मागतो? शिवाय बागेला पिण्याचं पाणी द्यायचंच कशाला? सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी आणा.

काळीमाती:
लग्नाच्या लॉन्सना आधी लावा नियम, माझा पाठिंबा. पण प्रक्रिया केलेलं पाणीही फुकट पडून नसतं. नागपूरने भांडेवाडीचं असं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं, तेवढं धरणाचं वाचलं. ते शोभेच्या गवतावर ओतलं तरी नासाडीच.

बांधावरचा:
हरळी मुद्दाम लावायची? मे महिन्यात नांगरटीमागे फिरून तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं, वेचताना आमची कंबर मोडते. एक कांडी राहिली तरी पावसाळ्यात वाफा भरून टाकते. बागेतले गुलाबाचे ताटवे दोन वर्षांत खाऊन टाकेल.

रोपवाटिका:
बांधावरचे, अगदी बरोबर. ताटव्याच्या कडेला वीतभर खोल फरशी उभी गाडावी लागते, आणि तरी खुरपणी सुटत नाही. दुसरं म्हणजे हरळीला ऊन लागतं. वड, पिंपळ, रेन ट्रीच्या दाट सावलीत ती विरळ होते. तिथे गवताचा हट्ट सोडून पालापाचोळा राहू द्यावा.

पण खरी गोम वेगळी आहे. हरळीचं पाणी तोडलं की ती पिवळी पडते, वरून मेल्यासारखी दिसते. काशा जमिनीत जिवंत असतात, मृगाच्या सरी आल्या की फुटते. पिवळं दिसलं की तक्रारी येतात, साहेब माळ्याला झापतात, माळी पाइप सोडतो. मग जात बदलून काय वाचलं? मे महिन्यात बाग पिवळी दिसणार हे लोकांनी आधी मान्य करायला हवं. आणि रोज शिंपडायचं नाही. दोन-तीन दिवसांआड पहाटे भरपूर द्यायचं, म्हणजे मुळं खाली जातात. कापतानाही दोन इंच ठेवा. बोडखं केलं की जमीन तापते.

लास_व्हेगासहून:
इकडे नेव्हाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला. कोलोरॅडो नदीचं पाणी शोभेच्या गवताला २०२६ अखेरनंतर देता येणार नाही. रस्त्याचे दुभाजक, ऑफिसांच्या कडेचे पट्टे त्यात आले. बागा, खेळाची मैदानं आणि स्वतंत्र घरांची अंगणं वगळली. कोण त्या गवतावर पाय ठेवतं, ही कसोटी मला पटते.

काळीमाती:
मग आपल्याकडे ती पाटीच कसोटी धरू. पाटी आहे तिथलं लॉन काढा. पोरं खेळतात तिथे हरळी ठेवा, आणि उन्हाळ्यात पिवळी पडू द्या.

संध्याकाळची_फेरी:
इतपत मान्य. पण काढलेल्या जागी काय, ते आधी ठरावात लिहून घ्या. आमच्या वॉर्डात पाणी वाचवायचं म्हणून लॉन उखडलं आणि पेव्हर ब्लॉक बसवले. दुपारी तिथे पाय भाजतात, पावसाचं पाणी गटारात जातं, सावलीला एक झाड नाही. ‘पेव्हर नाही, देशी झाडं आणि मोकळी माती’ हे कागदावर येईपर्यंत माझा विरोध कायम आहे.