नराराला ओहोटीत प्रवाळावर चालू द्यावं की बंद करावं?

पाणकावळा:
द्वारकेला जाताना जामनगरच्या बाजूला नराराला थांबलो. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ मध्ये जाहीर झालेलं, देशातलं पहिलं. ओहोटी लागली की समुद्र लांबवर मागे सरतो आणि घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जिवंत प्रवाळ बघता येतं. पोहणं नको, तोंडात नळी नको. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने ऑक्टोपसला रंग बदलताना पाहिलं.

इथवर झकास. मग आमच्यातल्याच एकाने हट्ट धरला म्हणून पफर मासा पाण्याबाहेर काढला गेला. तो टम्म फुगला, सगळे हसले, मासा हातोहात फिरला. फोटो मीही काढले. रात्री मुक्कामी वाचलं, की तो भीतीने फुगतो. पाण्यात असला तर पाणी गिळून, बाहेर काढला तर हवा गिळून. आणि ती हवा त्याला पुन्हा बाहेर टाकता येईलच असं नाही.

माझं मत: चालणं बंद करा. काठावर मनोरा बांधा, दुर्बिणीतून बघा.

खडपावरची:
मनोऱ्यावरून काय दिसणार, चिखल? माझी आई ७१ वर्षांची, माहेर गुहागरकडचं. लहानपणी ओहोटीला खडपांवर कालवं काढायला जायची, पण पोहायला कधी शिकली नाही. गेल्या हिवाळ्यात तिला नराराला नेलं. एका डबक्यात सी-ॲनिमोनचे, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याचे, झुलणारे हात दिसले, ती वाकली ती दहा मिनिटं उठेना. पाठ धरेल म्हणून मीच ओढलं. स्कूबाचे पैसे आणि दम असणाऱ्यांनीच समुद्राचा तळ बघायचा का? मासा कुणी हातात घेऊ नये, शंभर टक्के मान्य. त्यासाठी वाटच कशाला बुजवता?

पाणकावळा:
तुमच्या आईंना पाय कुठे टाकायचा ते कळतं हो. आमच्या घोळक्यातले निम्मे मोबाइलमध्ये बघत चालले होते. मेंदूसारख्या वळ्या असलेलं प्रवाळ आम्हाला दगडच वाटलं, त्यावर चढून ग्रुप फोटो झाला. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला. वाघाच्या पाठीवर उभं राहून कुणी फोटो काढतं का?

खडपावरची:
वाघ उभं राहू देणार नाही म्हणून! पण ताडोबात वाघाला जिप्सींचा गराडा पडतो, तेव्हा जिप्सींवर मर्यादा घाला म्हणतो आपण. जंगलाला कुलूप लावा म्हणत नाही.

तांडेल मालवणचो:
आमच्याकडे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे चालत नाहीत, होडीतून जातात, पाण्यात डोकं घालून बघतात. म्हणून प्रवाळ सुखी आहे का? नांगर टाकला की एका झटक्यात जेवढं मोडतं, तेवढं दहा माणसांच्या पायांनी मोडत नसेल. वर माशांना ब्रेड घालायची हौस. चालणारा माणूस निदान एका वाटेने जाईल. वाट आखा, मधल्या वाळूच्या पट्ट्यातूनच न्या, बाहेर पाय टाकला की दंड. बघूक होयाच, पण वाटेन चला.

रिकामा_पिंप:
सगळे पायाखालीच बघताय. मान वर करा, शेजारीच वाडीनारचं तेल उतरवायचं बंदर आहे. एकेकाळी याच आखातातली प्रवाळी वाळू सिमेंटसाठी उपसली जायची. गाळ बसला की प्रवाळ गुदमरतं, पाणी तापलं की पांढरं पडतं. यात तुमच्या कॅनव्हासच्या बुटांचा हिशोब किती लागणार?

पाणकावळा:
दरोडेखोर मोकळा फिरतोय म्हणून खिसेकापूंना सोडायचं, असंच ना? बुटांचाही हिशोब आहे. चाळीस जणं एकदम चालली की तेवढ्यापुरता का होईना, गाळ आपणच उठवतो.

किनारपक्षी:
पक्ष्यांचं कुणीच बोललं नाही. तिथे हिवाळ्यात क्रॅब प्लवर येतो. काळा-पांढरा, लांब निळसर पाय, खेकडे फोडायला जाड चोच. त्याचं ताट मांडलं जातं ते पाणी उतरल्यावर, आणि नेमके तेच तास तुमच्या सहलीचे! मी एका जागी बसून होतो. थवा उतरला, एक घोळका बोलत बोलत पुढे आला, थवा उडाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ते परतलेच नाहीत. एवढ्यात भरती लागली म्हणजे उपाशीच. कायमची बंदी मला नको, पण काही दिवस पूर्ण मोकळे ठेवा. तेही वार बघून नाही, तिथी बघून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत लांब हटतं. त्यातले निम्मे दिवस पक्ष्यांना द्या.

खडपावरची:
हे पटलं. आई अष्टमीला भांगाची भरती म्हणते. त्या दिवसांत पाणी फारसं हटत नाही, प्रवाळ नीट उघडं पडत नाही. म्हणजे पक्ष्यांसाठी अष्टमी सोडून उपयोग नाही, चांगलेच दिवस सोडावे लागतील. सोडू.

नवखा_प्रवासी:
जानेवारीत जायचा विचार आहे. दोन मुलं, सात आणि अकरा. जाऊ की नको?

पाणकावळा:
भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच जा. बूट जुने घाला, ते भिजणारच. स्थानिक मार्गदर्शक घ्या आणि त्याच्या पावलावर पाऊल टाका. मासा दाखवू का असं कुणी विचारलं, तर पाण्यातच दाखवा म्हणायचं. मी म्हटलं नव्हतं.

खडपावरची:
आता तुम्हीच वाट सांगताय. मग बंदीचं काय झालं?