घर घ्यावं की भाड्यानेच राहावं? शनिवारपर्यंत कळवायचंय

उंबरठा:
सरळ प्रश्न आहे. तीन वर्षांपूर्वी ठरवलं, घराच्या किमतीच्या २०% साठवायचे आणि मग कर्ज काढायचं. साठवले, एक महिना चुकला नाही. आता तेवढ्या पैशात त्याच इमारतीतल्या तशाच घराचे जेमतेम १५% होतात. मी चालतोय तशी वेस मागे सरकतेय. बँक ८०%च्या वर देत नाही. बाबा म्हणतात, माझ्या निवृत्तीच्या पैशातून भर घाल. मालकाला शनिवारी सांगायचंय. घेऊ का? 'स्वतःचं ते स्वतःचं' छाप सल्ले नकोत, पोट भरलंय.

कोरडाखडक:
एकटे कमावता की दोघं? व्याजदर? भाडं हप्त्याच्या किती? यातलं काहीच न सांगता 'घेऊ का' म्हणजे काय सांगणार, कपाळ?

जुनाजाणता:
घेऊन टाका. आम्ही घेतलं तेव्हाही सगळे महागच म्हणत होते. भाडं भरणं म्हणजे मालकाचं कर्ज आपण फेडणं.

कोरडाखडक:
काका, तुम्ही घेतलंत तेव्हा किंमत किती वर्षांच्या पगाराएवढी होती?

जुनाजाणता:
चारेक. का?

उंबरठा:
माझी अकरा. दर ९%, मुदत २० वर्षं, एकटाच कमावतो. भाडं हप्त्याच्या निम्म्याहून कमी.

पैपै:
मुदत ३० वर्षं करा, हप्ता हलका होईल. मी तेच केलं.

कोरडाखडक:
हलका किती ते बघा तरी. ९% दराने १ लाखाला २० वर्षांचा हप्ता ९०० रुपये, ३० वर्षांचा ८०५. महिन्याला ९५ वाचवायला एकूण फेड २.१६ लाखांवरून २.९० लाखांवर नेलीत.

पैपै:
मधेमधे जास्तीचे भरायचे ना!

कोरडाखडक:
भरलेत?

पैपै:
यंदापासून भरणार आहे.

गच्चीवरचा:
सगळ्यात वरचा मजला घेऊ नका. स्लॅब तापतो. कितवा आहे?

भटकी:
अवांतर: व्हिएन्नात साधारण निम्मे लोक पालिकेच्या किंवा मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांच्या घरांत राहतात. १९२०च्या दशकापासून पालिका बांधतेय. तिथे भाडेकरूला कुणी बिचारा म्हणत नाही.

जुनाजाणता:
त्यापेक्षा सिंगापूर बघा. सुमारे ८०% लोक सरकारने बांधलेल्या घरांत, आणि बहुतेक स्वतःच्या.

भटकी:
९९ वर्षांच्या पट्ट्यावर. मालकी म्हणा हवं तर.

जुनाजाणता:
९९ वर्षं पुरतात हो माणसाला!

उंबरठा:
माझा धागा आहे, आठवण करून देतो. खरं सांगायचं तर डोक्यात वेगळंच खुपतंय. शेजारच्या टेबलावरच्याचा पगार माझ्याएवढाच. त्याला आजीचं घर मिळालं, ते विकून त्याने निम्मी किंमत रोख भरली. त्याचा हप्ता आणि माझं भाडं जवळपास सारखंच. दहा वर्षांनी त्याच्याकडे घर असेल, माझ्याकडे पावत्या. आणि तो मला काटकसर शिकवतो.

भटकी:
+१. आमच्या ऑफिसात कोण घर घेणार हे पगाराच्या स्लिपवरून नाही, आजी-आजोबांवरून सांगता येतं.

कोरडाखडक:
खुपणारच. पण म्हणून बाबांची म्हातारपणाची पुंजी घालणार का? त्यांना दुसरं उत्पन्न आहे? आणि या शहरात राहणार किती वर्षं?

उंबरठा:
पेन्शन नाही. दर ४ वर्षांनी बदली होते, ते आलंच ओघाने.

कोरडाखडक:
आलंच ओघाने?! अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं. पहिल्या हप्त्यातल्या ९०० पैकी ७५० व्याजात जातात. ४ वर्षांनीही मुद्दल ९१% बाकी असेल. वर नोंदणी आणि दलाली. बदली झाल्यावर विकायला काढलंत आणि भाव नाही वाढला, तर बाबांच्याच पैशाला खड्डा.

जुनाजाणता:
भाव वाढतोच.

पैपै:
बदली झाली तर भाड्याने द्या.

कोरडाखडक:
निम्म्या हप्त्याएवढं भाडं येणार. उरलेला हप्ता अधिक तिकडचं भाडं, आणि कमावणारा एक.

उंबरठा:
हं. बाबांना आज रात्री फोन करतो. त्यांनी एफडी मोडायला टाकली नसेल तर बरं.

गच्चीवरचा:
मजला राहिलाच सांगायचा.