बाबांच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर आणि ‘कॅट’

प्रेषक: मंजिरी, सॅन होजे

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये मध्येच माझं गाऱ्हाणं घुसवतेय, रागावू नका. नागपूरला बाबांकडे 2006 ची वॅगन-आर आहे, एमएच-31. हल्ली तिचा आवाज फार वाढलाय. बाबांच्या भाषेत, “ट्रॅक्टर घेतल्यासारखं वाटून राहिलं.” परवा पीयूसीला नेली तर नापास, कार्बन मोनॉक्साइड 0.9 टक्के. मेकॅनिक म्हणतो धुराची पूर्ण लाइन सडली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, म्हणजेच ‘कॅट’) गेला. कंपनीचा नवा परवडणार नाही, त्याच्या जागी सरळ पाइप टाकून देतो, सगळं मिळून साडेचार हजार. “इतक्या जुन्या गाडीला कॅट लागतच नाही काका, उलट ॲव्हरेज वाढेल.” पीयूसीचं म्हणे ‘होऊन जाते’.

बाबांना पटलंय, मला नाही. 2021 मध्ये 15 वर्षं झाली तेव्हा आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. ती मुदत यंदा संपते, म्हणजे पुन्हा आरटीओत पासिंग. जुन्या गाडीला खरंच कॅट लागत नाही का?

मंजिरी

प्रेषक: नितीन, सॅक्रामेंटो

मंजिरी, नागपूरचं माहीत नाही, इथलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी रात्रीतून माझ्या गाडीखालचा कॅट कोणीतरी कापून नेला. सकाळी गाडी सुरू केली आणि अख्खी गल्ली खिडकीत! मग कळलं की कॅलिफोर्नियात राज्याच्या एअर बोर्डाने मंजूर केलेलाच बसवावा लागतो, त्यावर मंजुरीचा नंबर कोरलेला असतो. इतर बऱ्याच राज्यांत चालणारा स्वस्त माल इथे चालत नाही आणि जुना वापरलेला तर नाहीच. गाडी जुनी म्हणून इथल्या धुराच्या तपासणीतून सूट हवी असेल तर ती 1975 किंवा त्याआधीच्या मॉडेलची पाहिजे.

डिसेंबरात मी नागपूरला जातोय. एखादा बॅगेत टाकून नेऊ का?

प्रेषक: अण्णा, नागपूर

मंजिरी बेटा,

मला अमेरिकेतून परत येऊन सहा वर्षं झाली, पण तुमची ही ईमेल लिस्ट काही सोडवत नाही.

नितीन, बॅगेत चितळ्यांची बाकरवडी आणतात तसा कॅट आणत नसतात. पाइपचा व्यास, फ्लँजची भोकं, सेन्सरची जागा, काहीच जुळायचं नाही. राहू दे.

आता मुद्दा. गाडी किती जुनी हे बघायचं नसतं, ती कुठल्या मानकाची म्हणून तयार झाली ते बघायचं. आपल्याकडे नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला 1 एप्रिल 1995 ला, तोही फक्त चार महानगरांत. कारण शिशाविना पेट्रोल आधी तिथे आलं, आणि शिशाचा थर बसला की कॅट मेलाच. देशभर शिसं बंद झालं 2000 च्या फेब्रुवारीत. बीएस-2, म्हणजे ‘भारत स्टेज’ या धुराच्या मानकाचा दुसरा टप्पा, नागपुरात आलं एप्रिल 2005 ला. (2010 मध्ये मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरलाही बीएस-4 मिळालं, आणि ज्या गावात ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचं मुख्यालय त्या आपल्या गावाला बीएस-3. विदर्भाचा अनुशेष धुरातही!)

तुमची गाडी 2006 ची, म्हणजे बीएस-2. तिला पीयूसीत मर्यादा आहे 0.5 टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि 750 पीपीएम (दहा लाखांत 750 भाग) हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल. त्याआधीच्या गाड्यांना 3 टक्के आणि 1500. त्या गाड्या कॅट नसला तरी ट्यूनिंग करून पास व्हायच्या, आणि तुमचा मेकॅनिक अजून त्याच काळात राहून राहिला. कंपनीने दिलेला कॅट काढून नुसता पाइप लावणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या विरुद्ध फेरफार. या वयाच्या गाडीत कॅटच्या मागे सहसा सेन्सर नसतो, त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. मेकॅनिक लोकांची हिंमत तिथूनच येते.

पण कॅट गेलाय हे कशावरून? म्हणून काल सकाळी मीच धरमपेठेत जाऊन आलो. गाडी थंड असताना खाली सतरंजी टाकून शिरलो (वय 68, बाहेर निघताना तुझ्या बाबांनी पाय धरून ओढलं). कॅटवर रबरी हातोडीने ठोकलं. आतली जाळी तुटली असेल तर डब्यातल्या शेंगदाण्यांसारखी वाजते. इथे ठक्क, भरीव आवाज. मग गाडी सुरू केली तर खडखड चालूच. वरच्या पत्र्याला, म्हणजे हीट शील्डला, लांब स्क्रू ड्रायव्हरने दाबून धरलं, खडखड बंद. एक बोल्ट गळालाय, बस.

मागचा सायलेन्सर मात्र खरंच गेलाय. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर पापडासारखा आत गेला. तुझे बाबा गाडी नेतात कुठे, तर गोकुळपेठच्या बाजारात भाजीला. एवढ्याशा फेरीत सायलेन्सर तापतच नाही, धुरातलं पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून खातं.

0.9 चं कारण वेगळं. मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपच्या) गास्केटपाशी काजळीची रेघ दिसली. तिथून बाहेरची हवा आत शिरते, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडून राहिलं, म्हणून कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. त्यात घरून निघून पाच मिनिटांत पीयूसीच्या नळीला! कॅट साधारण 250-300 अंशांना तापल्याशिवाय कामच करत नाही. गास्केट बदला, मग वर्धा रोडने खापरीपर्यंत जाऊन या आणि इंजिन बंद न करता तपासा.

आणि एक. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव आहे. सरळ पाइपच्या साडेचार हजारांत जुना कॅट कोणाकडे राहणार होता, हे बाबांनी विचारलं होतं का? पुढे कधी खरंच बदलायची वेळ आली तर जुना सुटा भाग हातात घेऊनच पैसे द्यायचे.

अण्णा

प्रेषक: मंजिरी, सॅन होजे

अण्णा, पाय कसे आहेत? बाबांनी दुसऱ्या गॅरेजमधून मागचा सायलेन्सर, गास्केट आणि एक बोल्ट बदलून घेतला, बत्तीसशे झाले. कॅट जागेवरच आहे. खापरीपर्यंत चक्कर मारून पीयूसी केली, 0.2 टक्के आणि 120 पीपीएम. नळी खरोखर आत घातली होती का, तेही मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावलं.

आता त्यांची नवीन तक्रार आहे की गाडी चालू आहे का बंद तेच समजत नाही. सिग्नलला दोनदा चालू गाडीचीच किल्ली फिरवली.